दगडाला दिसेल असा दिवा

शालनबाई आणि योगीराज यांची पहिली भेट झाली तेव्हा योगीराजांनी त्यांना नापास केलं. बेंगळुरूत यशवंतपूरच्या पलीकडे तेव्हा घड्याळांचा एक मोठा कारखाना होता. तिथे शालनबाई जुळणीच्या टेबलावर बसत आणि योगीराज तपासणीच्या. निपाणीहून नुकतीच आलेली, चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग बसवणारी मुलगी आणि डोळ्याला भिंग लावून तिच्या कामात खोट काढणारा माणूस, यातून भांडणाशिवाय काही निघण्यासारखं नव्हतं. लग्न निघालं. पहिला अख्खा ट्रे योगीराजांनी परत पाठवला होता. शालनबाईंनी तो मुकाट्याने पुन्हा जुळवला, आणि दुसऱ्यांदा पाठवताना त्यातलं एक घड्याळ मुद्दाम ढिलं ठेवलं, हा माणूस खरंच तपासतो की नुसता तोरा मिरवतो ते बघायला. तेवढं एकच परत आलं. नवरा म्हणून हा गृहस्थ त्रासदायक होईल पण फसवणार नाही, असं त्यांनी त्या दिवशी मनाशी ठरवलं. दोन्ही अंदाज खरे ठरले.

कारखाना पुढे बंद पडला. जयनगरचं घर मात्र राहिलं. योगीराजांच्या वडिलांनी बांधलेलं, बैठं, बाजूला बागेची एक पट्टी असलेलं. बाग म्हणजे एक सोनचाफा, ज्याला गल्लीत सगळे संपिगे म्हणतात, एक कढीपत्त्याचं झाड, ज्यावर अर्ध्या गल्लीचा हक्क आहे, कुंड्या, आणि झाडाखाली एक दगडी बाक. व्हरांड्यातून बागेत उतरायला चार पायऱ्या. त्या कडप्प्याच्या. काळ्या, घोटलेल्या, आरशासारख्या. पायऱ्या बसवायच्या वेळी योगीराजांनी बाकी सगळे दगड नापसंत केले होते, एकात रेघ होती म्हणून, दुसऱ्याचा रंग सारखा नव्हता म्हणून. कडप्पा निर्दोष निघाला. निर्दोष वस्तूचा त्रास उशिरा कळतो.

त्या बाकावर रोज संध्याकाळी बैठक बसायची. बैठकीत माणसं दोन, योगीराज आणि शिवाप्पा. शिवाप्पा अथणीकडचे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, दोन गल्ल्या सोडून राहणारे. एका वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही वापरून दोन्ही भाषांवर सारखाच अन्याय करणारे. दोघांचं एकमत एकाच मुद्द्यावर होतं, की बेंगळुरूची हवा आता पूर्वीसारखी गार राहिली नाही. हे ते स्वेटर घालून बोलत. अंधार पडला की त्यांच्या बोलण्याला रंग चढे. शालनबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धं ऐकत आणि अर्धं आपल्या मनाने पुरं करत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना रेडिओची गरज फारशी लागली नाही.

मग योगीराजांच्या डोळ्यांचं निघालं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. काचबिंदू. समोरचं दिसेल, वाचता येईल. बाजूचं गेलं आहे, आणि कमी उजेडात आणखी जाईल. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांनी राखायचं. दोघांनी ऐकलं, दोघांनी मान डोलावली. परतीच्या रिक्षात योगीराज घरापर्यंत एकाच विषयावर बोलत राहिले, तो म्हणजे मीटर कसा जोरात पळतो आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली खोट डोळ्यांनी काढलेल्या माणसाने आपल्या डोळ्यातली खोट कोणत्या तोंडाने काढायची, हे शालनबाईंना समजण्यासारखं होतं. थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात लिंबाच्या लोणच्याशेजारी राहू लागली. शालनबाई थेंब घालत, योगीराज घालून घेत. विषय निघत नसे.

थोड्याच दिवसांनी योगीराज म्हणाले, बागेत डास फार झालेत. बैठक हॉलमध्ये आली. ट्यूबलाइटच्या उजेडात शिवाप्पांना समोरच्या शोकेसच्या काचेत स्वतःचं तोंड दिसायचं, आणि स्वतःच्या तोंडादेखत त्यांना थापा मारता येईनात. ते एक दिवसाआड येऊ लागले, मग आठवड्यातून एकदा. योगीराज संध्याकाळी व्हरांड्यात वेताची खुर्ची टाकून बसत, बाकाकडे बघत.

एका संध्याकाळी शालनबाईंनी खिडकीतून बघितलं. योगीराज पायऱ्यांशी उभे होते. त्यांनी एक पाय पुढे केला, बादलीतलं पाणी कढत आहे का ते बघावं तसा, आणि तो हवेतच ठेवून ते थांबले. मग पाय मागे घेतला, आणि आसपास कोणी नसताना मोठ्याने म्हणाले, “डास फार झालेत.” त्या दिवशी भरपूर वारा सुटला होता. वाऱ्यात डास उभे राहत नाहीत, हे निपाणीच्या माणसालाही कळतं.

शालनबाईंनी गॅस बारीक केला आणि ठरवलं की बागेत दिवे लावायचे. पायऱ्या दिसल्या पाहिजेत, माणूस बाकावर गेला पाहिजे, आणि का ते कोणी बोलता कामा नये. पहिल्या दोन गोष्टी अवघड नव्हत्या. तिसरीने घोटाळा केला.

जयनगरातल्या दिव्यांच्या शोरूममध्ये तो लगेच उघड झाला. तिथल्या पोऱ्यागत दिसणाऱ्या सेल्समनने अदबीने विचारलं, अम्मा, तुम्हाला अँबियन्स हवा की सिक्युरिटी? शालनबाईंनी विचार करून सांगितलं, स्वल्प दोन्ही. त्याने अळंबीच्या आकाराचा दिवा दाखवला, कमळाच्या आकाराचा दाखवला, आणि शेवटी मोठ्या कौतुकाने एक दगड आणला, ज्याच्या पोटात दिवा होता. दगडातून उजेड. शालनबाईंच्या घरी दगड होते. त्यांना दगडावर उजेड हवा होता. पण हे तेव्हा त्यांना इतकं नेमकं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्या मुलाने पुढचा प्रश्न केलाच असता, की कशासाठी? त्या हात हलवत घरी आल्या आणि लेकीला फोन केला.

लेक मैत्रेयी आणि जावई ध्रुव एचएसआर लेआउटमध्ये राहत. ध्रुव पुण्याचा, आयटीतला, जावई म्हणून शोधूनही खोट न सापडणारा. योगीराजांनी शोधून बघितली होती. फक्त कुठलीही वस्तू घेण्याआधी तो तिच्यावर प्रबंध लिहील इतका अभ्यास करी. एकदा पोळपाट घ्यायला त्याने तीन आठवडे घेतले होते. फोन त्यानेच हातात घेतला.

“आई, पहिले मला यूज-केस सांगा. म्हणजे लाइट्स एक्झॅक्टली कशासाठी हवेत?”

“शोभेसाठी,” शालनबाई म्हणाल्या.

शालनबाईंनी आजवर शोभेसाठी म्हणून घेतलेली एकमेव वस्तू म्हणजे शोकेस, आणि तिच्यातही त्यांनी डाळींचे डबे ठेवले होते. पण ध्रुव संशय घेणाऱ्यांतला नव्हता. तो म्हणाला, ओके, म्हणजे डेकोरेटिव्ह, आणि कामाला लागला.

शनिवारी तो सौरदिवे घेऊन आला, जमिनीत खोचायचे. वायर नाही, बिल नाही, सूर्य गेला की आपोआप लागतात. दुपारभर त्याने ते वाटेच्या कडेने टेप लावून खोचले. संध्याकाळी ते लागले, आणि बाग खरोखर सुंदर दिसली. मैत्रेयीने फोटो काढले. योगीराज व्हरांड्याच्या कठड्याशी येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, “काजव्यांची मुंज आहे की काय?” ध्रुव मनापासून हसला. शालनबाई हसल्या नाहीत. त्या योगीराजांच्या पायांकडे बघत होत्या. पाय वरच होते.

ध्रुवला वाटलं, उजेड कमी पडला. पुढच्या खेपेला वायरमनला घेऊन आला आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर एक झोतदिवा लावला. कोणी हललं की तो पेटायचा. पहिल्या रात्री तो गल्लीतल्या मांजरासाठी अनेकदा पेटला. सकाळी समोरच्या घरातल्या अक्का विचारायला आल्या, चोरी झाली का हो? संध्याकाळी योगीराजांनी दार उघडून बाहेर पाऊल टाकताच झोत थेट डोळ्यांवर आला. ते दोन्ही हात वर करून उभे राहिले, धाड पडल्यासारखे. मग कारखान्यातल्या जुन्या आवाजात एकच शब्द म्हणाले, “रिजेक्ट.” आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

मैत्रेयीने त्या दिवशी आईला स्वयंपाकघरात गाठलं. खरं सांग, म्हणाली, बाबांना नको आहेत तर तुला कशाला एवढे दिवे? शालनबाई म्हणाल्या की वय झालं की माणसाला उजेड बरा वाटतो. मैत्रेयी म्हणाली की मग हॉलमध्ये एक बल्ब वाढव. उत्तर बिनतोड होतं. शालनबाईंनी तिच्या हातात कढीपत्त्याची जुडी ठेवली आणि विषय संपवला.

ध्रुव मात्र हार मानणारा नव्हता. झोतदिवा उतरवून त्याने सोनचाफ्यावर छोट्या दिव्यांच्या माळा सोडल्या. गल्लीतून जाणाऱ्या एका बाईंनी लग्न कुणाचं म्हणून विचारलं. शिवाप्पा कित्येक दिवसांनी आपणहून आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि जेवण नाही हे कळल्यावर स्वल्प खट्टू झाले. तरी बाकावर जाऊन बसले, आणि तिथून हाक मारली, “या की खाली अण्णा, मंडप तुमचाच हाय.” योगीराज वरूनच म्हणाले, डास फार आहेत. शिवाप्पा थोडा वेळ एकटेच माळांखाली बसले, वऱ्हाड निघून गेलेल्या मांडवातल्या माणसासारखे, आणि उठून गेले. त्यानंतर ते आले नाहीत. फोन केला तर सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, येतो की, म्हणायचे.

हे मात्र शालनबाईंना लागलं. डोळ्यांचं गेलेलं परत येत नाही हे त्यांनी ऐकून घेतलं होतं. बाकाचंही जाणार असेल तर मग राहिलं काय, वेताची खुर्ची?

चूक कुठे होते आहे हे त्यांना भांडी आवरताना सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा आठवलं. कारखान्यात तयार घड्याळ टेबलावर ठेवून तपासून भागत नसे. ते पालथं घालून तपासायचं, उभं धरून, आडवं धरून, सगळ्या अंगांनी. कारण टेबलावर बिनचूक चालणारं घड्याळ माणसाच्या मनगटावर गेलं की वेगळं चालतं. योगीराज नव्या मुलींना सांगत, घड्याळ टेबलाने विकत घेतलेलं नसतं. आणि इथे इतके दिवस शालनबाई आपल्या धडधाकट डोळ्यांनी दिवे पास करत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी योगीराज आंघोळीला गेले तेव्हा त्यांनी कपाटातून एक काळा चष्मा काढला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर योगीराजांना मिळालेला, दोन्ही बाजूंनी झाकलेला, घातला की माणूस वेल्डर दिसतो असा. तो डोळ्यांवर चढवून, आणि बाजूचं दिसू नये म्हणून दोन्ही कानशिलांना पंजे लावून, त्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या. टांग्याच्या घोड्याला दिसत असेल तेवढं जग समोर उरलं.

सौरदिवे दिसले. माळा दिसल्या. दिवे सगळे दिसले, अगदी स्वच्छ. पायऱ्या नव्हत्या. व्हरांडा संपत होता आणि मग एक काळी विहीर सुरू होत होती, जिच्यात दिव्यांची प्रतिबिंबं तरंगत होती. शालनबाईंनी पाय पुढे केला, बादलीतलं पाणी बघावं तसा, आणि तो हवेतच राहिला. इतके दिवस त्या मनात म्हणत होत्या, जरा जपून उतरलं तर काय होतंय?

त्या खाली बसल्या आणि बसूनच एकेक पायरी चाचपत उतरू लागल्या. शेवटच्या पायरीखाली मात्र काहीतरी होतं. पांढरं, वाकडं, पण ठळक. सकाळी घातलेल्या रांगोळीचा, दिवसभर तुडवून उरलेला एक तुकडा. त्या काळोखात तेवढी एकच वस्तू अशी होती, जी ‘मी इथे आहे’ म्हणून सांगत होती.

“एनायतु शालनक्का?” फाटकातून आवाज आला. समोरच्या अक्का कढीपत्ता न्यायला आल्या होत्या, आणि दिवेलागणीच्या वेळी काळा चष्मा घालून, कानांना हात लावून पायरीवर बसलेल्या शेजारणीकडे बघत होत्या. काय झालं, या प्रश्नाला शालनबाईंनी दिलेलं उत्तर असं होतं की डोळे आले आहेत. दुसऱ्या दिवशी अक्कांनी डोळे धुवायला वाटीभर धन्याचं पाणी पाठवलं. शालनबाईंनी ते कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं.

मग त्यांनी ध्रुवला फोन केला, आणि या वेळी त्या शोभेचं काही बोलल्या नाहीत.

“ध्रुव, दिवा डोळ्याला दिसायला नको. दगडाला दिसला पाहिजे.”

यूज-केस ध्रुवने विचारली नाही. म्हणाला, “आलं लक्षात, आई,” आणि त्याच्या आवाजावरून शालनबाईंना कळलं की सगळंच आलं आहे.

दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर तो वायरमनला घेऊन आला. पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीत, घोट्याएवढ्या उंचीवर, वरून झाकण असलेले छोटे दिवे बसवले. दिवा कुठे आहे ते दिसत नव्हतं, उजेड तेवढा पायरीवर सांडत होता. प्रबंध नाही, फोटो नाही. माळा काढून त्याने पिशवीत भरल्या, आमच्या बाल्कनीला होतील म्हणाला. निघण्याआधी, आपल्याकडे कोणी बघत नाही असं वाटून, तो डोळे अर्धे मिटून त्या पायऱ्या एकदा उतरला आणि एकदा चढला. शालनबाई खिडकीत होत्या. त्यांनी त्याच्या डब्यात चार लाडू जास्त टाकले.

पण कडप्पा तो कडप्पाच. एवढा उजेडही त्याने गिळला. पायऱ्या आहेत हे आता कळत होतं, एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे कळत नव्हतं; काळा चष्मा तसं स्पष्ट सांगत होता. तेव्हा शालनबाईंनी रांगोळीचा डबा आणला आणि प्रत्येक पायरीच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पांढरी रेघ ओढली. केसाएवढी स्प्रिंग बसवलेला हात होता. रेघ सुरू झाली तशी संपली.

पांढरा ऑइलपेंट मारता आला असता. एकदा मारला की वर्षभर बघायला नको. पण पेंट मारलेली पायरी म्हणजे इस्पितळाचा जिना. येणारा-जाणारा विचारणार, कोण पडलं? रांगोळीला या गावात कोणी कारण विचारत नाही. फक्त समोरच्या अक्कांनी विचारलं, कारण रांगोळी सकाळी घालायची असते, दिवस मावळताना कोण घालतं? शालनबाईंनी बेधडक सांगितलं की आमच्या निपाणीकडे पद्धत आहे, संध्याकाळी उंबऱ्याखाली रेघ ओढायची, घराला चांगलं असतं. अशी पद्धत निपाणीत कधी नव्हती. पण महिन्याभरात अक्कांच्या दारातही दिवेलागणीला एक पांढरी रेघ दिसू लागली, आणि त्यांच्या शेजारीही. रूढी कशा सुरू होतात याबद्दल शालनबाईंचं मत त्यानंतर थोडं बदललं.

पहिल्या संध्याकाळी योगीराज सवयीने कठड्याशी आले. दिवे शोधले, सापडले नाहीत. मग खाली बघितलं. शालनबाई कुंडीत पाणी घालत होत्या, म्हणजे एकाच कुंडीत केव्हापासून पाणी घालत होत्या. योगीराजांनी एक पाय पुढे केला. तो टेकला. दुसरा टेकला. हात मागे बांधून, कारखान्यात टेबलांमधून फिरत तसे, ते चारही पायऱ्या उतरले, आणि खाली पोचल्यावर वळून बघितलं.

“तिसरी रेघ डावीकडे जाड झालीय,” ते म्हणाले.

“उद्या बारीक काढते,” शालनबाई म्हणाल्या.

एवढंच. बाकावर बसून त्यांनी शिवाप्पांना फोन लावला आणि कळवलं की डास कमी झालेत. शिवाप्पा पायजम्यावरच निघून आले. त्या संध्याकाळी बेंगळुरूच्या हवेची पुन्हा एकदा रीतसर निंदा झाली, आणि खिडकीशी ऐकत उभ्या राहिलेल्या शालनबाईंची भाजी खाली लागली.

असे बरेच दिवस गेले. रेघ रोज ओढली जाई, रोज पुसली जाई, आणि तिचं कारण रोज न बोलता राही. योगीराज कधी म्हणत आज छान आलीय, कधी म्हणत हात हलला काय गं. एखाद्याला वाटलं असतं, हौशी जोडपं आहे.

मग मैत्रेयीला ताप आला. शालनबाई सकाळी डबा घेऊन एचएसआरला गेल्या, चारपर्यंत परत येते म्हणून. पण चारला मैत्रेयी त्यांचा हात धरून नुकती कुठे झोपली होती. लहानपणापासून आजारपणात तिला हात लागतो. तो सोडवून निघेस्तोवर उन्हं कलली, आणि सिल्क बोर्डच्या चौकात रिक्षा जी थांबली ती थांबलीच. समोर बस, बाजूला बस, मागे बस. शालनबाई रिक्षातून मान बाहेर काढून आभाळ बघत होत्या. उजेड घटकेघटकेला कमी होत होता आणि चार पायऱ्यांवर कालची रेघ पुसून गेलेली होती. आज मी घरी पोचेपर्यंत थांबा, एवढं सांगायला त्यांनी योगीराजांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही. त्यांनी रिक्षावाल्याला तिसऱ्यांदा विचारलं, दुसरी वाट नाही का हो? त्याने हात पसरून चौक दाखवला.

शिवाप्पांचा नंबर काढून त्या बघत बसल्या. त्यांना सांगायचं म्हणजे सांगायचं. इतके दिवस झाकलेलं एका वाक्यात उघडं पडणार, आणि तेही त्या माणसाच्या पाठीमागे. योगीराजांना हे कळलं तर ते पुन्हा हॉलमध्ये जाऊन बसतील, कायमचे. आणि नाही सांगितलं तर? शालनबाईंच्या डोळ्यांपुढे ती काळी विहीर आली, वर तरंगणाऱ्या दिव्यांसकट. त्यांनी फोन लावला.

“शिवाप्पाअण्णा, जरा घरी जाऊन ह्यांना सांगाल काय, मी येईस्तोवर खाली उतरू नका म्हणावं. त्यांना ते...”

“अक्का, मी फाटकातच उभा हाय,” शिवाप्पा म्हणाले. “उतरायचं कुठलं? हा पायरीवर बसून कायतरी करायलाय. सगळी गल्ली बघायलीय.” मग फोन कानाला तसाच ठेवून ते पलीकडे ओरडले, “काय करायलास रे योगी? बायकांची कामं कवापासून?”

फोनमध्ये थोडी खरखर झाली. मग योगीराजांचा आवाज आला, लांबून, पण तपासणीच्या टेबलावरचा, स्पष्ट.

“मला दिवस मावळला की पायरीची कड दिसत नाही, शिवाप्पा. ती रोज रेघ काढते. आज ती नाही.”

मागच्या बसने हॉर्न वाजवला. पुढे वाट नव्हती, तरी वाजवला. मग फोनमध्ये शिवाप्पांच्या चपला वाजल्या, फाटकाची कडी वाजली, आणि त्यांचा आवाज जवळून आला, “सरक. मी पट्टी धरतो, तू ओढ.”

शालनबाईंनी फोन बंद करून पिशवीत ठेवला. चौक सुटला तसा रिक्षावाल्याने इतक्या वेळचा धोशा आठवून जोरात मुसंडी मारली. शालनबाई म्हणाल्या, निधानवागी होगी, सावकाश जा. त्याने आरशातून त्यांच्याकडे बघितलं. असल्या गिऱ्हाइकांची त्याला सवय असावी.

त्या पोचल्या तेव्हा अंधार पडला होता. बाकावर दोघं बसले होते, दोघांचे पायजमे गुडघ्यापर्यंत पांढरे. भिंतीतले दिवे पायऱ्यांवर उजेड सांडत होते आणि त्यात चार रेघा होत्या, पोलादी पट्टी लावून ओढलेल्या, जाडजूड, मध्येच थांबून पुन्हा सुरू झालेल्या. रांगोळीचा डबा अर्धा रिकामा. आठवडाभराची रांगोळी एका संध्याकाळी लागली होती.

“मैत्रेयी कशी आहे?” योगीराजांनी विचारलं.

ताप उतरला, शालनबाईंनी सांगितलं.

शिवाप्पांना राहवत नव्हतं. ते म्हणाले, “अण्णा, रोजची ही कटकट कशाला? पेंट मार की पांढरा, एकदाचा.”

“पेंट मारला तर ही वेळेवर घरी कशाला येईल?” योगीराज म्हणाले.

“आज तरी कुठं आली?” शिवाप्पा म्हणाले.

शालनबाईंनी पिशवी व्हरांड्यात ठेवली, चपला काढल्या आणि पायऱ्यांशी वाकून, एकेक रेघ दिव्याखाली नीट बघितली. योगीराज बाकावरून त्यांच्याकडे बघत होते. आजवर त्यांनी तपासलं होतं, तपासून घेतलं कधी नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

“बरी आहेत,” शालनबाई म्हणाल्या. “दुसरी कडेपासून बोटभर आत आलीय. तिच्यावर भरवसा ठेवून पाय टाकला तर पडाल.”

“मग?”

शालनबाईंनी दुसरी रेघ तळव्याने पुसली, डबा उचलला आणि तो बाकापर्यंत नेऊन त्यांच्या हातात दिला. तीन पास झाल्या होत्या. तेवढी एकच परत आली.